ताट्यांच्या फायलीतला नवरदेव

बडे बाबूंच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी दाभण असे. पेन कधीमधी घरी राहून जाई, दाभण कधीच नाही. एकदा सीताबर्डीच्या उतारावर ते सायकलवरून पडले, तर त्यांनी आधी दाभण चाचपलं आणि मग गुडघा. "पेन कोनीही देते गा," ते मला म्हणाले होते, "दाभण मागाले गेलं का लोक दोन पावलं मागं सरकतात."

सिव्हिल लाईन्समधल्या आमच्या सरकारी कार्यालयात ते मुख्य कारकून होते. मुख्य कारकुनाला आमच्याकडे बडे बाबू म्हणतात, आणि हे बडे बाबू इतके बडे होते की त्यांचं खरं नाव मला त्यांच्या निरोपाच्या समारंभात कळलं. सत्तरचं दशक नुकतंच लागलेलं, मी नोकरीला नुकताच लागलेलो. काम म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये एवढीही अक्कल नव्हती.

बडे बाबूंचा जीव दोन गोष्टींत होता. फायली जोडणे आणि फायली फोडणे.

पातळ फाईल एकटी ठेवायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. दोन-चार कागदांची फाईल कपाटामागे पडते, चहाच्या कपाखाली जाते, नाहीतर तिच्यात कोणीतरी भजी आणतो. म्हणून ती दुसऱ्या फायलीला जोडायची. चार बोटांपेक्षा जाड झालेली फाईल फोडायची, हा दुसरा. जुना भाग बंद करून दफ्तरखान्यात, नवा भाग टेबलावर. इथपर्यंत कोणत्याही कचेरीत चालतं. तिसरा नियम मात्र त्यांचा स्वतःचा होता: एकदा जोडलेल्या फायली पुन्हा वेगळ्या करायच्या नाहीत. "लगन लावलं आपण," ते म्हणत. "आता काडीमोड नाही. या टेबलावर तर नाहीच नाही."

आणि ते खरोखरच लग्न लावत. दोन्ही फायली समोरासमोर ठेवायच्या, तळहाताने ठोकून कडा एकसारख्या करायच्या, दाभणाने भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा ओवून गाठ मारायची. मग पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत लाल शाईने सलग पानांचे आकडे घालायचे. तो आकडा पडला की संपलं. मधलं पान काढलं तर आकडा तुटणार, आणि आकडा तुटला म्हणजे सरकारी कागद गहाळ केल्याचा ठपका. सगळं झालं की ते मान वर करून खोलीला विचारत, "कोनाले हरकत?"

आमच्या टायपिस्ट बाई गावातल्याच इंदोरा वस्तीतून सायकलने येत आणि कोणाच्या बापाला भीत नसत. त्या टाइप करता करताच म्हणत, "अक्षता आणू का, बडे बाबू?"

"टाचण्या टाका," ते गंभीरपणे सांगत.

कोणत्या फायलीचं कोणाशी जुळतं, हे त्यांचं त्यांना कळे. बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाची फाईल त्यांनी उशिरा येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या फायलीला दिली होती. मांजरांच्या उपद्रवाची फाईल चहा क्लबाच्या घरी नांदत होती. एक नवे साहेब आले, कडक होते, त्यांनी पहिल्याच दिवशी घड्याळाची फाईल मागवली.

"ते तिच्या सासरी आहे, साहेब," बडे बाबू म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यानंतर ते दोन वर्षं होते, पण कोणतीही फाईल त्यांनी नावाने मागवली नाही. "ते जरा पाहा ना" एवढंच म्हणत. कारण कुठल्या घरात काय आहे हे फक्त बडे बाबूंना ठाऊक होतं, आणि ते रजेवर गेले तर सरकारचा तेवढा भाग बंद पडला असता.

घरीही हाच प्रकार. महाल भागातल्या त्यांच्या घरी मी एकदा जेवलो. वरण, भात, वांग्याची भाजी, ठेचा आणि पोळी हे सगळं त्यांनी ताटात एकत्र कुस्करलं, वर दही घातलं आणि म्हणाले, "पोटात जाऊन एकच व्हायचं आहे, तर मंग बाहेर भांडणं कायले?" त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहून हळूच दुसरं ताट पुढे सरकवलं. त्यांना दोन बहिणी होत्या, एक काटोलला आणि एक भंडाऱ्याला. ते दोघींना मिळून एकच पत्र लिहीत. 'ताई, तुझा गुडघा कसा आहे, आणि आक्का, म्हैस व्याली का?' ते पत्र काटोलला जाई, तिथून ताईने भंडाऱ्याला पाठवायचं. ताई विसराळू. आक्काचा समज झाला की भाऊ आपल्याला विचारत नाही, आणि दोन वर्षं राखी आली नाही. बडे बाबूंनी याचा दोष टपाल खात्याला दिला.

आता माझी गोष्ट. तिच्यात माझ्या हुशारीचा वाटा मोठा आहे, म्हणून ती इतकी बिघडली.

मी हंगामी नेमणुकीवर होतो. वर्ष भरलं आणि मला कायम करावं असा प्रस्ताव तयार झाला. मोजकेच कागद, पातळसं कव्हर. त्याच सुमारास मी मुलगी पाहायला गेलो. तिचे वडील कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले, समोरच्या माणसाकडे साक्षीदारासारखे पाहणारे. मुलीने संत्री सोलून आणली. बिया कुठे टाकायच्या ते मला कळेना. मांडीवर टाकाव्या तर पँट धुतलेली, जमिनीवर टाकाव्या तर समोर नाझर. मी सगळ्या बिया गिळल्या. तिसऱ्या फोडीला मुलगी उठली, एक बशी आणून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "यात टाका. पोटात झाड आलं तर आम्हाला पाणी घालत बसावं लागेल."

मी तिथेच गेलो. म्हणजे बसलो होतो तिथेच, पण गेलो.

नाझरसाहेबांना मी नापसंत नव्हतो. त्यांची एकच अट होती. "पोरगी अस्थायी माणसाले देत नाही," ते म्हणाले. "तुळशीच्या लग्नापर्यंत कायम झाल्याचा हुकूम घेऊन या. नाहीतर अमरावतीचं एक स्थळ आहे. बँकेतलं आहे."

मी म्हणालो, हुकूम काय, पुढच्याच आठवड्यात आणतो.

त्या आठवड्यात बडे बाबू भाच्याच्या जावळासाठी एक दिवस रजेवर गेले. जाताना मला म्हणाले, "पातळ फायली पाहून ठेव जरा." पाहून ठेव, एवढंच. पण मला वाटलं, त्यांना चकित करावं. मी त्यांच्या खणातलं जादा दाभण काढलं. डोक्यात संत्री, हातात दाभण. टेबलावर वाळ्याच्या ताट्यांची फाईल पडली होती. उन्हाळ्यात कार्यालयाच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत आणि त्यांच्यावर दिवसभर पाणी मारायला हंगामी माणूस ठेवला जाई, त्याची ती फाईल. शेजारी चार-पाच पातळ कव्हरं पालथी होती. ती सुलटी करून वाचावीत असं मला सुचलं नाही. मी सगळ्यांचं ताट्यांशी लग्न लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बडे बाबूंनी ती गाठ पाहिली. दोरा ओढून पाहिला. त्यांचे डोळे भरून आले. "आजवर कोनी आपल्या मनानं जोडली नव्हती गा," ते म्हणाले आणि लाल दौत पुढे ओढून पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः आकडे घातले.

मी दोन दिवस छाती काढून फिरलो. तिसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "तुमच्या कायमपणाचा प्रस्ताव अजून वर का आला नाही?"

मी बडे बाबूंकडे गेलो.

"ताट्यांत आहे," ते म्हणाले.

"कोणी घातला?"

त्यांनी माझ्याकडे मोठ्या कौतुकाने पाहिलं. "तूच नं."

"मग काढा ना तो, बडे बाबू!"

"काढू? आकडे पडले. गाठ पडली. अन् जोडणारा तू, अन् तूच म्हणतं तोड? काल लगन अन् आज कोर्टात?" ते दुखावले होते. "जोडीनं जाऊ दे वर. साहेब सई करतीन दोघांवर. त्यात काय?"

फाईल जोडीने वर गेली. साहेबांनी वरची टिपणी वाचली. ती ताट्यांची होती. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. साहेबांनी लिहिलं: 'आता आवश्यकता नाही. पुढील उन्हाळ्यात सादर करावे.' आणि खाली सही. खालचे कागद उलटून पाहायचं त्यांना काही कारण नव्हतं. फाईल परत आली आणि बडे बाबूंनी ती कपाटात ठेवून दिली. ताट्यांना लागलेला हुकूम जोडीच्या सगळ्यांना लागतो, असा त्यांचा अर्थ. म्हणजे तुळशीचं लग्न कार्तिकात आणि मी उघडणार चैत्रात.

साहेबांना जाऊन सांगायची हिंमत मी केली. साहेबांनी बाहेर नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "बडे बाबूंना तुम्हीच जरा... माझं नाव सांगू नका."

मी टायपिस्ट बाईंना सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की मशीनचा गाडा आपोआप सरकला. "बाप्पा! ताट्यांसंगं लगन? मंग तुमाले उन्हाळ्यातच पाणी मिळन."

मी मात्र रात्रंदिवस विचार करून एक युक्ती काढली. काडीमोड होत नसला तरी वाटणी होते! चार बोटांपेक्षा जाड फाईल बडे बाबू स्वतः फोडतात. म्हणजे ताट्यांची फाईल जाड करायची.

तो पावसाळा त्या कार्यालयाच्या इतिहासात अपूर्व होता. बाहेर नाग नदीला पूर, आणि आत मी ताट्यांचा पत्रव्यवहार करतोय. प्रत्येक शाखेला पत्र गेलं: आपल्या खिडक्यांची तोंडं कोणत्या दिशेला आहेत? उत्तरं आली. मग दुसरं पत्र: वारा कोणत्या दिशेने येतो? लेखा शाखेने कळवलं की त्यांच्याकडे वारा येत नाही. आस्थापना शाखेने विचारलं की हे लेखा शाखेला का विचारलं. मी दोघांना स्मरणपत्रं धाडली. टायपिस्ट बाई प्रत्येक पत्राच्या जादा प्रती काढत आणि म्हणत, "लिहा, लिहा. वाळ्याच्या वासाबद्दल नाही विचारलं तुमी अजून." मी तेही विचारलं. त्याची उत्तरं सगळ्यांत लांबलचक आली. एका शाखाधिकाऱ्याने आपल्या लहानपणच्या आठवणी लिहून पाठवल्या.

फाईल फुगली. मी रोज चार बोटं लावून पाहायचो. नवरात्रात एके दिवशी ती बोटांच्या वर गेली. मी ती धावत बडे बाबूंपुढे ठेवली.

त्यांनी आपली चार बोटं लावली. फाईल बोटांच्या खाली राहिली.

माझ्या लक्षात ही गोष्ट आलीच नव्हती. माझी बोटं म्हणजे शेवग्याच्या शेंगा. त्यांची बोटं म्हणजे भरली वांगी.

"अजून मावते," ते म्हणाले. "घाई काहून करून राहिला?"

पुन्हा पत्रव्यवहार. दसरा गेला, दिवाळी आली. मी दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा ताट्यांच्या संदर्भाने पाठवल्या. शेवटी दिवाळीनंतर बडे बाबूंनी बोटं लावली आणि मान डोलावली. "भरली. वाटणी करू."

मी टायपिस्ट बाईंकडे विजयी नजरेने पाहिलं. बडे बाबूंनी दोरा सोडला, गठ्ठा तळहातावर तोलला, बरोबर मधोमध दाभण खुपसलं आणि दोन भाग केले. वरचा भाग नवा, त्याला नवीन कव्हर. खालचा भाग जुना, त्याला दुहेरी दोरा, मेणाची गाठ, वर शिक्का: 'बंद'.

माझे कागद कुठे होते? या सगळ्या पत्रांच्या आधीचे. म्हणजे तळाशी. म्हणजे जुन्यात. नव्या भागात ज्या कागदांनी मी फाईल फुगवली होती ते सगळे कागद ऐटीत बसले होते. जुन्या भागात ताट्यांच्या कुशीत मी, आणि तो भाग दफ्तरखान्यात चालला होता. पूर्वी निदान चैत्रात तरी उघडलो असतो.

मी खुर्चीत बसलो. बसलो म्हणजे कोसळलो. खुर्चीचा एक पाय आधीच लंगडा होता, त्यामुळे मी जमिनीपर्यंत गेलो.

"काय झालं गा?" बडे बाबूंनी विचारलं.

टायपिस्ट बाई उठल्या आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "तुमी फायलींचे लगनं लावत बसा, बडे बाबू! इथं या पोट्ट्याचं लगन मोडून राहिलं. नाझरानं हुकूम मागतला आहे. तुळशीच्या लग्नाले पोट्टी अमरावतीले चालली."

बडे बाबूंना हे काहीच ठाऊक नव्हतं. लग्न ठरेपर्यंत बोलायचं नाही, या आईच्या सांगण्यावरून मी ते त्यांच्यापासून लपवलं होतं. त्यांनी बंद भागावर हात ठेवला. मला वाटलं, आता तोडतात. त्यांनी दाभण हातात घेतलंही. गाठीत टोक घातलं. मग काढलं.

"पोट्टी पसंत आहे तुले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"लय?"

मी मान हलवली.

"मंग गाठ तोडून कसं जमन?" ते म्हणाले. "अशा कामाले निघायचं अन् गाठ तोडायची? नोको. नाझराचा पत्ता दे."

रविवारी ते माझ्याबरोबर नाझरसाहेबांकडे आले. सरकारी फाईल बाहेर नेता येत नाही, म्हणून त्यांनी तिची जाडी सुतळीने मोजून, दोन्ही टोकांना गाठ मारून सुतळी खिशात घेतली होती. नाझरसाहेब आरामखुर्चीत. मुलगी दाराआड; तिच्या बांगड्या वाजत होत्या म्हणून कळलं.

"हुकूम आणला?" नाझरसाहेब म्हणाले.

"हुकूम नाही," बडे बाबू म्हणाले, आणि माझ्या पोटातल्या संत्र्याच्या झाडाला भूकंप झाला. "हुकमाचं काय घेऊन बसले नाझरसाहेब? तुमी कायम होते नं?"

"बत्तीस वर्षं."

"तरी कोनी कधी धक्का लावला नाही तुमाले?"

नाझरसाहेबांचा चेहरा उतरला. ते थोडे सरसावून बसले. "एकदा निलंबित केलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "एका शिक्क्याच्या भानगडीत. चूक माही नव्हती. कपाटातून माही फाईल काढली, वर ठेवली, अन् संध्याकाळी घरी."

"फाईल काढली!" बडे बाबूंनी बोट वर केलं. "पाहा. माणसाले काढायचं तर आधी त्याची फाईल काढा लागते. आता या पोराचे कागद कुठं आहेत?" त्यांनी सुतळी काढून ताणून धरली. "एवढ्या जाडीच्या बंद भागात. मध्ये. आगं ताट्या, मागं ताट्या. दुहेरी दोरा, मेणाची गाठ, पानावर आकडे. एक पान काढलं का बाकी सगळ्यांचा हिशेब द्यावा लागते. कोन्या साहेबाची छाती आहे? कायम माणसाले निलंबित करता येते. याले निलंबित कराले सापडतच नाही."

दाराआडच्या बांगड्या थांबल्या. नाझरसाहेब त्या सुतळीकडे पाहत होते. बत्तीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस होता तो. असं काही तोलायला त्यांना कागद लागत नसे.

"ते कपाट कोनाच्या ताब्यात आहे?" त्यांनी विचारलं.

"माह्या."

"तुमी निवृत्त झाल्यावर?"

"गाठ मी माहीच मारतो," बडे बाबू म्हणाले. "दुसऱ्याले सुटत नाही."

नाझरसाहेबांनी दाराकडे तोंड केलं. "अवं, चहा आण." मग माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच साक्षीदारासारखं नाही. "बँकवाल्याचं काय, त्याची फाईल उघडीच असन."

चहा मुलीनेच आणला. कप माझ्यापुढे ठेवताना ती एवढंच म्हणाली, "ताट्यांची सवत मला चालेल. पण उन्हाळ्यात घरी यायचं."

कायम मी पुढे झालो, पण ते बाकी पुष्कळ जणांबरोबर एका घाऊक हुकमात, आणि तोवर आमची थोरली शाळेत जायला लागली होती. त्याची कोणाला घाई राहिली नव्हती. सासऱ्यांना तर तो हुकूम आल्याचं ऐकून जरा काळजीच वाटली.

लग्न मात्र ठरल्याप्रमाणे तुळशीच्या लग्नानंतर लगेच झालं. पंगतीत सासऱ्यांनी बडे बाबूंना आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं. मी समोरच होतो. बडे बाबूंनी जिलबी, मठ्ठा आणि मसालेभात एकत्र करायला घेतले होते. सासरे थोडे त्यांच्याकडे झुकले, आजूबाजूला पाहिलं आणि कानात बोलावं तसं, पण सगळ्या पंगतीला ऐकू येईल असं म्हणाले, "धाकटीले एक स्थळ आलं आहे. पोरगा चांगला आहे. फक्त एक अडचण आहे, तो नुसताच कायम आहे. त्याले तुमच्याकडे कुठं आत घेता येईन का?"

बडे बाबूंनी घास तोंडात घातला, डोळे मिटून चावला आणि विचार करून म्हणाले, "ताट्यांत आता जागा नाही. पण पाण्याच्या माठांची एक फाईल आहे. घराणं चांगलं आहे."